सिनेमात न आलेलं बोलणं

परवा वाचनालयात एक बाई पुस्तक परत करायला आल्या. टेबलावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "सिनेमापेक्षा हे बरं हो. सिनेमात तो मुलगा घर सोडून का गेला तेच कळत नाही. यात कसं सगळं नीट सांगितलंय." मी नुसतं "हो का" म्हटलं. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून पेंढ्याने भरलेला टेम्पो गेला आणि उन्हात वाळलेल्या भाताचा तो ओळखीचा वास आत आला. झालं. पुस्तक कपाटात लावायचं सोडून मी ते तसंच हातात धरून बसले.

कापणीचे दिवस आले की लोक खुशीत असतात. मी नसते. माझा स्वभावच काळजीचा. आमचे हे म्हणतात, "शैला, तुला काळजी करायला काही उरलं नाही, तर काहीच कसं उरलं नाही याची तू काळजी करशील." करते, मग? आई पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पुढे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या आमच्या वाडीत एकटी राहते. मी खाली महाडला. पावसाळाभर तो डोंगर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तळीये गाव दरडीखाली गेल्यानंतर तर ढग जरा जास्त वेळ एका जागी थांबला तरी मी फोन लावते. आई वैतागते. "हाय गो, हाय मी. डोंगर पन हाय तिथंच. ठेव आता." पाऊस सरला की जरा हुश्श करावं, तर परतीच्या पावसाचा घोर. कापलेलं भात शेतात आडवं पडलंय आणि वर घाटावर काळं धरून आलंय, हे ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल.

गेल्या वर्षीच्या हंगामात मात्र माझा घोर पावसाचा नव्हता, सिनेमाचा होता.

त्याच्या आदल्या कापणीत आमच्या वाडीत शूटिंग झालं होतं. दिग्दर्शक म्हणजे पुण्याची एक तरुण मुलगी, बारीक कापलेले केस, सारखी धावपळ, सगळ्यांशी गोड. शहरात निघून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी गावाकडे निघतो, अशी काहीतरी गोष्ट. तिला खरी कापणी हवी होती आणि कापणाऱ्या खऱ्या बाया हव्या होत्या. वाडीतल्या सगळ्याजणी नवी पातळं नेसून शेतात हजर झाल्या आणि मग तिने सगळ्यांना घरी पाठवून जुनी नेसून यायला लावलं. आईने आपली जुनीच नेसली होती. म्हणून असेल, किंवा तिचा चेहरा म्हणून असेल, ती मुलगी आईपाशी आली आणि म्हणाली, "आजी, तुमचा मुलगा लांब गेलाय असं समजा. त्याला काहीतरी बोला. मनाला येईल ते."

समजा म्हणे! आमच्या घरात हे समजावं लागत नाही. माझा मोठा भाऊ दत्ता, माझा दादा, असाच एका कापणीत घरातून गेला तो आजवर आलेला नाही. खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. पेंढ्या नीट रचल्या नाहीत म्हणून बाबांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली. दादा तेव्हा चांगला बाप्या झालेला, मिशी फुटलेली. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर त्याचं अंथरूण रिकामं. सुरुवातीला कोणाकोणाच्या तोंडी निरोप यायचा, बरा आहे म्हणून. मग तोही यायचा थांबला. कोणी म्हणे सुरतेला दिसला, कोणी म्हणे वाशीच्या मार्केटात. बाबा गेले तेव्हाही आला नाही. त्याला कळलं तरी होतं की नाही, देव जाणे. गावाने ठरवून टाकलं, बापाच्या मारापायी पोर गेलं. बाबांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, आणि पुन्हा कधी कोणावर हात उचलला नाही. आम्हीही तेच धरून चाललो.

शूटिंगला मी नव्हते, वाचनालय सोडून जाता आलं नाही. आई काय बोलली ते मला शेजारच्या इंदूकाकीने सांगितलं, म्हणजे काहीच सांगितलं नाही. "काय म्हाईत गो काय बोलली. वारं होतं. आनि तुझी आय काय मोठ्यानं बोलते? पन ती पोरगी डोळं पुसत होती बघ." आईला विचारलं तर ती तांदूळ पाखडत राहिली. "तुला कशाला? त्याच्यासाठी हाय ते."

आमच्याकडे पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीच्या कंडक्टरकडे पिशवी द्यायची आणि नाव सांगायचं, की पलीकडे ज्याचा तो येऊन उभा असतो. कुळीथ, तांदूळ, औषधाची बाटली, निरोप, सगळं वर्षानुवर्षं असंच पोचत आलंय. आईला सिनेमा म्हणजे तशीच एक मोठी गाडी वाटली. एकदा आत चढवलं की पोचणारच. मला विचारलं, "सगळीकडं लागनार ना गो सिनेमा? सुरतेला पन?"

"लागेल की."

"मग झालं तर."

झालं कसलं! मला तेव्हापासून एकेक सुचायला लागलं. सुरतेला मराठी सिनेमा लागेल का? दादा सिनेमे बघत असेल का? इतक्या वर्षांनी तो आईला ओळखेल का? त्याने आई पाहिली ती अजून न वाकलेली, काळ्याभोर केसांची. आणि समजा, बघितलं, ओळखलं, सगळं ऐकलं आणि तरीही आला नाही तर? ही शेवटची काळजी मात्र मी आमच्या ह्यांनाही बोलले नाही. काही काळज्या तोंडातून निघाल्या की खऱ्या होतात असं मला उगाच वाटतं.

सिनेमा लागला तो गेल्या वर्षी, ऐन कापणीत. वाडीने एक दिवस विळे बाजूला ठेवले आणि गाडी ठरवून सगळे महाडला थिएटरात आले. बायांच्या अंगाला अजून भाताच्या कुसाचा वास. आई माझ्या शेजारी, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेली. पडद्यावर आमचा डोंगर आला तेव्हा टाळ्या. इंदूकाकीच्या गाईचा पाडा आला तेव्हा शिट्ट्या, काकी लाजून पार खुर्चीखाली जायच्या बेताला. मग शेत आलं. पिवळं, वाऱ्याने डुलणारं. कापणाऱ्या बायांच्या पाठी दिसल्या. आईने माझं मनगट धरलं. आणि पुढच्या क्षणी पडद्यावर एस.टी. धावत होती. शेत गेलं ते परत आलंच नाही. तो मुलगा शेवटी स्टँडवर उतरतो, घाटाचा रस्ता चढायला लागतो आणि तिथेच संपतो तो सिनेमा.

दिवे लागले. वाडीतली माणसं आमच्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आईकडे बघायचा धीर होईना. पण आई जागची हलली नाही. म्हणाली, "ह्या खेळाला ऱ्हायलं वाटतं. पुढच्या खेळाला येईल."

मला एकदम कळेचना, मग लक्षात आलं. आई उभ्या आयुष्यात बघत आली ती जाखडी, शाहिराच्या गाण्यांवर चालणारा आमचा कोकणी नाच. शाहीर एका रात्री एक कडवं गाळतो, दुसऱ्या रात्री तेच म्हणतो. समोर कोण बसलंय ते बघून वाढवतो, कमी करतो. कुठलाच खेळ दुसऱ्यासारखा नसतो. तिच्या हिशेबी सिनेमाही तसाच. मी तिला काय समजावणार होते? बाकीची माणसं गाडीत जाऊन बसली आणि आम्ही दोघी पुढच्या खेळाला पुन्हा बसलो. आणि खोटं कशाला सांगू, शेत आलं तेव्हा मी, शिकलेली, वाचनालयात नोकरी करणारी बाई, जीव मुठीत धरून बघत होते की या वेळी येईल.

दुसऱ्या दिवशी मी त्या दिग्दर्शक मुलीला फोन केला. भांडायच्या तयारीनेच केला होता, पण ती बिचारी आधीच हळू आवाजात म्हणाली, "ताई, सिनेमा लांबला होता. आणि आजी जे बोलल्या ते आमच्या गोष्टीत बसत नव्हतं. पण मी ते स्क्रिप्टमध्ये लिहून घेतलं होतं, त्यावरून पुस्तक निघतंय. लेखकांनी ते गोष्टीत छान बसवून घेतलंय." काय बोलली होती आई, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं. पण आईने मला सांगितलं नाही ते परक्याकडून कशाला ऐकू, म्हणून मी फोन ठेवला.

सिनेमावरून केलेल्या कादंबऱ्या मला नव्या नाहीत. आमच्या लहानपणी सिनेमा वाडीपर्यंत चढायचा नाही, कोणाच्या तरी पिशवीतून त्याची कादंबरी यायची. मी आधी पुस्तक वाचायची, सिनेमा कधीतरी फार नंतर बघायची आणि दर वेळी फसल्यासारखं व्हायचं. पुस्तकात नायिकेला एक आत्या असायची, चांगली बोलघेवडी, मला आवडलेली. सिनेमात आत्याचा पत्ताच नाही! मोठेपणी कळलं त्याचं कारण. लेखकाच्या हाती देतात ती सुरुवातीची संहिता. इकडे तो लिहीत असतो, तिकडे शूटिंग चाललेलं असतं आणि कात्री चालते ती सगळ्यांत शेवटी. म्हणून सिनेमातून घालवून दिलेली माणसं पुस्तकात आपली सुखाने नांदत असतात. त्या आत्यांची मला फार माया वाटते.

पण पुस्तकाची एक खोड आहे, त्याला गप्प बसता येत नाही. सिनेमा एक चेहरा दाखवतो आणि थांबतो, तुम्ही काय समजायचं ते समजा. पुस्तकाला पान भरायचं असतं. तो चेहरा काय विचार करत होता, त्याचं लहानपण कसं गेलं, त्याचा बाप कसा होता, सगळं सांगावं लागतं. सिनेमात जिथे भोक असतं तिथे पुस्तक ठिगळ लावतं. वाचणाऱ्याला बरं वाटतं. मलाही वाटायचं.

आईला खरं सांगायला हवं होतं. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी तिला महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. खरं म्हणजे घरात सांगायचं धाडस होईना. पाय पाण्यात सोडून ती बसली, वाफ तोंडावर घेत, डोळे मिटून. मी म्हटलं, "आई, ते पुढच्या खेळालाही नसणार. त्यांनी काढून टाकलं."

तिने डोळे उघडले. "टाकलं म्हंजे? कुठं टाकलं?"

"त्यांच्या कंप्युटरात असेल कुठेतरी."

"मग काढाय सांग."

"तसं होत नाही गं. पण पुस्तक निघालंय, त्यात आहे तुझं बोलणं."

तिने पाय पाण्यात आणखी खोल सोडले. मग म्हणाली, "दत्त्या वाचतो. त्याला लय नाद होता वाचायचा." तिच्या चेहऱ्यावर परत तीच आशा आली आणि माझ्या काळजीला नवं खाद्य मिळालं.

पुस्तक आलं. मी आधी एकटीने वाचून काढलं आणि माझी झोप उडाली. शेतातल्या बाईला त्यात नाव होतं, सगुणा. तिला मोठी नथ होती. आईने जन्मात नथ घातली नाही. नवरा कोपिष्ट, मुलगा मानी, मुलगा गेला तो बापाच्या मारामुळे. हे वाचून मी दचकले, आमच्या घरातलं यांना कसं कळलं म्हणून. मग वाटलं, लेखकाने ओळखलं असेल, अशी पोरं अशीच तर जातात. आणि सगुणा शेतात उभी राहून म्हणते, "बाळा विनायका, तुझ्या वडिलांचा राग मोठा होता, पण माया त्याहून मोठी होती रे. ही माती तुझी वाट पाहते आहे." शिवाय सिनेमात नसलेलं एक अख्खं प्रकरण शेवटी जोडलेलं. विनायक घाट चढून थेट शेतात येतो, आईच्या हातातला विळा घेतो आणि कापायला लागतो.

आता हे शेवटचं प्रकरण आईला वाचून दाखवायचं की गाळायचं? दाखवलं तर तिच्या आशेला आणखी धुमारे फुटणार. गाळलं तर मी त्या कात्रीवाल्यांहून वेगळी कशी? आमचे हे म्हणाले, "वाच सगळं. म्हातारी तुझ्यापेक्षा खंबीर आहे." म्हणून रविवारी वाडीवर गेले. दुपारची वेळ, अंगणात भाताची उडवी रचलेली, तिच्या सावलीत आई पाय पसरून बसलेली. अंगाला कूस चावत होतं. मी वाचत गेले.

"तिचा आला?" आईने विचारलं.

"आला."

"बरं झालं बाय. कोनाचा तरी आला." मग म्हणाली, "पन हे माझं बोलनं नाय."

"लेखकाने थोडं नीटनेटकं केलंय, आई."

"नीट केलंय म्हनून तर. दत्त्याला कळायचं नाय." आणि उठून ती पेंढा गोळा करायला गेली. मी विचारलं, परत विचारलं. तिने पुढे तोंड उघडलं नाही. गेलं वर्ष असं गेलं.

परवा त्या बाई पुस्तक परत करून गेल्या आणि मला बसवेना. काल वाडीवर गेले. कापणी अर्ध्यावर आलीये. यंदा पहिल्यांदाच आई शेतात उतरली नाही. बांधावर बसून होती, हात मांडीवर तसेच पडलेले. मी जवळ गेले तर म्हणाली, "खाली वाकलं की अंधारी येते." डॉक्टरकडे चल म्हटलं, तर नको म्हणून मान हलवली. मला रडूच फुटलं. इतकी वर्षं मी डोंगराची काळजी करत बसले आणि म्हातारपण मुकाट्याने पुढल्या दाराने आत आलं होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आई, ते पुस्तक लोकांना आवडतंय. म्हणतात, मुलगा का गेला ते त्यात नीट सांगितलंय."

"का गेला म्हन्ते?"

"बापाने मारलं म्हणून."

आईने शेताकडे बघितलं. मग म्हणाली, "तसा नव्हता गेला तो."

वाऱ्याने सगळं शेत एका बाजूला झुकलं आणि परत उभं राहिलं.

"तुला येतं ना लिवाय? मग तू लिव. मी त्या पोरीच्या मिशनीत बोलले तसंच लिव. एक पन शब्द नीट करू नको." आणि ती बोलली. सावकाश, वाऱ्यापेक्षा जरा मोठ्याने. तिचं बोलून झालं तरी मला तिच्याकडे बघवेना, बाबा आठवत राहिले. त्या लेखकाने ठिगळ लावलं याचा मला राग आला होता. पण आम्ही घरातल्या माणसांनी, गावाने, इतकी वर्षं दुसरं काय केलं? दादा का गेला हे ठाऊक नव्हतं, तिथे आम्ही बाबांचा हात चिकटवून मोकळे झालो. त्या मुलीच्या सिनेमात ती जागा रिकामी तरी होती.

हा लेख कुठे छापून येईल, कोण वाचेल, मला माहीत नाही. दादा वाचेल का, वाचून काय करेल, याचा घोर मला आजपासून लागलेला आहेच. पण दादा, तू जिथे असशील तिथे एवढं ऐक. पुस्तकात आहे ते आईचं नाही. आईचं हे आहे.

"दत्त्या रे, बानं मारलं म्हनून तू गेलास, असं सगळी म्हनतात. मी म्हनू दिलं. तुझा बा मरस्तवर म्हनू दिलं. त्या दिशी खळ्यावर तुझी मूठ बघितली मी. उद्या तू बापावर हात उगारशील, ह्याचं मला भ्या वाटलं. म्हनून सकाळी कडी मीच काढली. जा म्हनाले, आनि परत येऊ नको म्हनाले. लहानपनी कवा माझं ऐकलं नायस, आनि हेच तेवढं ऐकलंस. लय ऐकलंस बाबा. आता नको ऐकू. ये."